हलू नका

“हलू नका,” वाळूवर पालथं पडल्या पडल्या तो पुटपुटला, आणि आपण कुणाला सांगतोय हे लक्षात येऊन स्वतःशीच ओशाळला.

समोर सुरय पक्ष्याची मादी दोन अंड्यांवर पंख सैल सोडून उभी होती. पांढरीशुभ्र, इवलीशी, डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखी. तिनं मान वळवली, वाऱ्यानं छातीवरची पिसं उचलली, आणि नेमकं तेव्हाच त्याचं बोट कॅमेऱ्यावर दाबलं गेलं.

“झालं का, काका?” मागून अभयारण्याचा रखवालदार कुजबुजला. “चला आता. ऊन चढायच्या आत निघायचं इथनं. लोकांना वाटतं, ती अंडी उबवतेय. या उन्हात कसली ऊब? पोट समुद्रात भिजवून आणते आणि सावली धरते. ती उठून गेली की अंडी उकडली म्हणून समजा.”

“निघालो, निघालो.”

“आणि तुमच्या पक्षिमित्र मंडळात बोलू नका हं. फक्त तुम्हाला दाखवलंय. तुमची ती माणसं आली की इथं लग्नघर होतं.”

“मी कुणाशी बोलतो?” तो म्हणाला. ते खरंच होतं.

इस्पितळाच्या तळघरात, क्ष-किरण विभागात त्याची सगळी नोकरी गेली. हनुवटी वर, छाती टेकवा, श्वास घ्या, रोखा, हलू नका. दिवसभर हेच. झाडूवाल्यापासून बड्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्याला ‘हलूनका’ म्हणत. निवृत्तीनंतर बायकोच्या मागोमाग तो पक्षिमित्र मंडळात गेला, तर ते नाव त्याच्या आधीच तिथं जाऊन बसलेलं.

फुफ्फुसावरचा डाग, हाडातली चीर, सगळ्यांत आधी त्याला दिसे. रोगी सदऱ्याची बटणं लावता लावता विचारी, “काय आलं हो?” तो म्हणे, “डॉक्टर सांगतील.” त्यासाठी त्यानं एक चेहरा तयार केला होता. त्यावरून कुणाला काही कळत नसे. मेहुण्याच्या छातीचा फोटो काढला तेव्हा बायको दाराशीच उभी होती. तिच्या भावाबद्दल तिलाही त्यानं तेच वाक्य ऐकवलं, त्याच चेहऱ्यानं. वर्ष सरायच्या आत मेहुणा गेला. तिनं नवऱ्याला बोल लावला नाही. तो विषयच पुन्हा काढला नाही.

पक्षी हे तिचं वेड. हा चष्मा शोधत असे तोवर तिनं नुसत्या आवाजावरून नाव सांगितलेलं असे. दर उन्हाळ्यात याच किनाऱ्यावर, याच विश्रामगृहाच्या टोकाच्या खोलीत ती त्याला घेऊन येई. यंदा गुडघ्यानं दगा दिला. वाळूतून चालणं बंद झालं. ती व्हरांड्यातल्या खुर्चीत गळ्यात दुर्बीण घालून बसे आणि समोरच्या सुरूच्या झाडांना शिव्या घाले, कारण त्यांच्याआड घरट्यांची वाळू दिसत नव्हती.

म्हणून तो फोटो. तिला दाखवायला.

“अगंबाई!” तिनं कॅमेरा डोळ्यांजवळ नेला. “हा तुम्ही काढलात?”

“नाही, कॅमेऱ्यानं काढला.”

“थट्टा पुरे. अहो, पिसन्‌पीस दिसतंय. आजवर तुमच्या फोटोत पक्षी कुठाय ते मलाच दाखवावं लागायचं.”

“हललो असेन मी.”

“आज नाही हललात.” ती बराच वेळ बघत राहिली. “जन्मभर तुम्ही फोटो काढलेत आणि खाली सही दुसऱ्यांनी केली. कुणी एकदा तरी विचारलं, फोटो कुणाचा म्हणून?”

“क्ष-किरणाच्या फोटोला कसली सही गं?”

तो अंघोळीला गेला. नातीनं कॅमेऱ्यातले फोटो फोनवर घ्यायला आजीला शिकवलं होतं. तो टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आला तेव्हा फोन एकसारखा वाजत होता आणि बायकोच्या चेहऱ्यावर तो कितीतरी वर्षांनी असा आनंद बघत होता.

“मंडळाच्या ग्रुपवर टाकला,” ती म्हणाली. “‘आमच्या ह्यांनी काढलेला’ एवढंच लिहिलं. जागा नाही सांगितली हं, एवढी वेडी नाहीये मी. वाचा तरी. ते दातांचे डॉक्टर म्हणतात, काका, नमस्कार घ्यावा.”

त्यानं फोन हातात घेतला. पक्ष्याकडं नंतर, आधी कोपऱ्याकडं बघायची त्याची सवय होती. छातीच्या फोटोत वाईट गोष्ट बहुधा कोपऱ्यातच लपून बसते. उजवीकडं वर, धूसर, पण ओळखू येईल असा, किनाऱ्यावरचा कललेला दिव्याचा खांब आला होता. असा खांब एकच होता. मंडळातल्या जुन्या माणसांना तो ठाऊक होता.

“काय झालं? आवडलं नाही का?”

“छान आहे,” तो म्हणाला. काढून टाक, हे शब्द ओठांवर आले होते. पण ती इतकी खुशीत होती. आणि कोपऱ्याकडं बघतो कोण, असं त्यानं स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन गाड्या आल्या. दातांचे डॉक्टर खाली उतरले. त्यांच्या खांद्यावर तोफेएवढी लेन्स.

“काकू, काकांनी कमाल केली! आम्ही वर्षानुवर्षं येतोय, आम्हाला नाही सापडली ही जागा.”

“मग! आहेतच ते तसे,” बायको म्हणाली, आणि तेवढ्यात ती जराशी गोंधळली. “पण तुम्हाला जागा कशी कळली?”

“अंदाज, काकू, अंदाज!” डॉक्टर हसत निघून गेले.

तो चपला हातात घेऊन त्यांच्यामागं धावला. धावला म्हणजे त्याला जमेल तेवढा. पोचला तेव्हा घरट्याभोवती कॅमेऱ्यांचं अर्धं कडं पडलं होतं. ऊन डोक्यावर येऊ लागलं होतं. मादी वर घिरट्या घालत किंचाळत होती. ती खाली उतरे, अंड्यांपर्यंत येई, कुणीतरी सरकून पुढं होई, की पुन्हा उडे.

“डॉक्टर, सगळ्यांना मागं घ्या जरा. अंडी उन्हात पडलीयेत.”

“दोनच मिनिटं, काका. उतरताना पंख उघडते ना, तेवढा एक हवाय.”

“ती उतरणार नाही, आपण इथं असेपर्यंत.”

“तुमच्या वेळी कशी बसली होती मग?” कुणीतरी मागून म्हणालं. “स्वतःचं झालं की बाकीच्यांना बंदी का, हलूनका?”

हशा पिकला. तो आणखी काही बोलला, पण ते कुणाला ऐकू गेलं नाही. त्याचा आवाज कधी चढलाच नव्हता. बंद खोलीत, एका वेळी एका माणसाला पुरेल एवढाच तो होता. शेवटी तो रखवालदाराला शोधायला निघाला. रखवालदार किनाऱ्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाळी बांधत होता. तो शिट्टी फुंकत, काठी आपटत आला आणि त्यानं सगळ्यांना हाकललं, तोवर दुपार झाली होती. वाळूवर पाय ठेववत नव्हता.

मादी लगेच येऊन अंड्यांवर उभी राहिली. पोट ओलं करून आली होती. चोचीनं एक अंडं अलगद फिरवलं, सावली नीट धरली. दुसऱ्या दिवशीही ती तशीच होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी नव्हती.

रखवालदारानं एक अंडं उचलून तळहातावर ठेवलं. मग पुन्हा होतं तिथंच ठेवून दिलं.

“मी फक्त तुम्हाला दाखवलं होतं, काका.”

फोटो मी नाही पाठवला, असं म्हणता आलं असतं. ते खोटंही नव्हतं.

“चुकलं माझं,” तो म्हणाला.

रखवालदारानं मान हलवली, काठी उचलली आणि तो निघून गेला. रोज संध्याकाळी त्यांच्या व्हरांड्यात चहाला येऊन बसायचा, तो त्या दिवशी आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

“आज कुठं उलथला हा?” बायकोनं विचारलं. “काल पण आला नाही.”

“कामात असेल.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. दातांच्या डॉक्टरांनी त्यांचा फोटो टाकला होता. खाली नाव दिलं होतं, ‘आईची माया’. स्पर्धेला पाठवणार होते. तिनं फोन लांब धरला, जवळ घेतला.

“याला म्हणतात फोटो. नाहीतर तुमचा, मान फिरवलेली नवरी. बघा तरी. चोच उघडून कशी बोलतेय पिल्लांशी, अंड्यातल्या.”

त्यानं पाहिलं. चोच धापेनं उघडी होती. पंख मिटायला नव्हे, उडायला पसरले होते. खाली अंड्यांवर ऊन होतं, सावली बाजूच्या वाळूवर पडली होती. सगळं स्वच्छ दिसत होतं. इतका स्पष्ट फोटो त्याच्या हातून कधी निघाला नसता.

“आणखी आठवडाभर राहूया का?” ती म्हणाली. “पिल्लं बाहेर येतील. मला पाठुंगळीवर घेऊन चला हवं तर.” ती हसली. “कशी आहेत हो अंडी?”

तिनं वर पाहिलं, आणि तिचं हसू तिथंच थांबलं.

त्याच्या चेहऱ्यावरून काहीही कळत नव्हतं.

हा चेहरा तिनं एकदाच पाहिला होता, इस्पितळाच्या तळघरात, दाराशी उभी असताना.

“थांबा,” ती म्हणाली. “सांगू नका.”

तिनं फोनवर बोट फिरवत मागं जाऊन स्वतः टाकलेला फोटो काढला. दोन बोटांनी मोठा केला. पक्ष्यावरून सरकत ती वर गेली, उजवीकडं, कोपऱ्यात. तिथं ती थांबली. गळ्यातली दुर्बीण काढून तिनं मांडीवर ठेवली आणि तिचा पट्टा गुंडाळत राहिली. फोन अजून वाजत होता. वा, अप्रतिम, डॉक्टर, सलाम.

उतरतं ऊन व्हरांड्यात शिरलं होतं. तिच्या पावलांवरून ते गुडघ्यावर आलं, तिथून हातांवर, तोंडावर. तिनं डोळेही मिटले नाहीत. एरवी तिनं हाक मारून खुर्ची सरकवून घेतली असती.

तो उठला. तिच्या आणि उन्हाच्या मधे जाऊन उभा राहिला, त्याची सावली तिच्या अंगावर पुरेल असा. पाठ भाजत होती.

तो हलला नाही.