कोपरावरचं ठिगळ

खोपटच्या एसटी डेपोसमोर दोन फेरीवाले भांडत होते, पायलटच्या जाकिटाची कुणाची कॉपी जास्त हुबेहूब! एकाचं रेक्झिनचं, दुसऱ्याचं चामड्याचं. मी दोन्ही उलटसुलट करून पाहिली आणि माझं डोकंच फिरलं. दोन्हींच्या डाव्या कोपरावर बदामाच्या आकाराचं ठिगळ! एअरफोर्समधल्या माझ्या भावाच्या, काळुरामच्या जाकिटाला ते मीच लावलेलं. तो वारला. त्याचं ते जाकीट मी चेन बदलायला मोरू शिंप्याकडे दिलेलं, आणि हा आठ महिने "उद्या या" म्हणतोय.

तडक त्याच्या दुकानात शिरले.

"मेल्या, माझ्या भावाचं जाकीट काढ! आत्ताच्या आत्ता!"

मोरूने मशीन थांबवलं. "ताई, ते माप काढायला उसवलं. डेपोसमोरच्या दोघांना तशीच शिवून दिलीयत, त्यातलं कुठलंही न्या ना, सेम टू सेम आहे."