काजं-बटणं तेवढी राहिलीत

मी शिंप्याच्या दुकानातला पुतळा बोलतोय. मला डोकं नाही. पण डोकं नसताना बोलणारे तुमच्याही पाहण्यात असतीलच.

लाकडी दांड्यावर कापूस ठासून, वर कापड ताणून मला बनवलं. छाती भरदार, कंबर बेताची आणि दोन्ही खांदे अगदी एका रेषेत. त्या खांद्यांचा मला फार गर्व होता.

मालकांची लेक दुकानात मागच्या टेबलावर बसून कादंबरी लिहायची. नायक शिंपी, म्हणजे आमचे मालकच. संपादकांनी ती दोनदा परत पाठवली. दुसऱ्या खेपेला लिहिलं, ‘तुमचा शिंपी खरा वाटत नाही. आणखी एकदाच वाचेन.’ पोरीचं तोंड एवढंसं झालं.

शेवटी तिनं बाबांनाच वाचून दाखवलं. त्यातला शिंपी कधी चिडत नव्हता, खोटं बोलत नव्हता, कपडे वेळेआधी शिवून देत होता. मालक सुईत दोरा ओवत ऐकत होते.

“भला माणूस आहे गं. कोण हा?”

“बाबा, तुम्हीच!”

“मी? याच्या हाती दुकान दिलंस तर आठवड्यात कुलूप लागेल.”

तेवढ्यात एक कारकून आले. निवृत्तीच्या समारंभासाठी त्यांनी कोट शिवायला टाकला होता.

“झाला का?”

“झालाच म्हणा. काजं-बटणं तेवढी राहिलीत. परवा या.”

कापड अजून माझ्या पायाशी पिशवीत होतं. त्याला कात्रीसुद्धा लागली नव्हती! लेक पिशवीकडे बघतच राहिली. कारकुनांची पाठ वळताच मालकांनी पिशवी उचलली, ती दोन दिवस मान वर केली नाही. कोटाच्या डाव्या खांद्यात त्यांनी कापसाचा जादा थर घातला.

“हे कशाला?” लेकीनं विचारलं.

“त्यांचा डावा खांदा उतरता आहे. चाळीस वर्षं मापं घेतोय, दोन्ही खांदे सारखे असलेला माणूस काही भेटला नाही. बोलायचं नाही, गुपचूप भरून द्यायचं.”

म्हणजे मी माणसात जमा नाही, हे त्यांनी माझ्या तोंडावरच सांगितलं. वाईट वाटलं मला.

लेकीनं हळूच विचारलं, “बाबा, तुमचं ते खोटं लिहू?”

“लोक हसतील गं.” ठरल्या दिवशी कारकून नवा कोट घेऊन गेले, तसे मालक लेकीकडे वळले. मग म्हणाले, “लिही. पण कोट वेळेवर दिला, तेही लिही.”

तिनं दोन्ही लिहिलं. या वेळी हस्तलिखित परत आलं नाही, पुस्तकच आलं! मालकांनी ते मोजपट्टीशेजारी ठेवलं आणि येईल त्याला दाखवलं. परवा तेच कारकून नवं कापड आणि पुस्तक घेऊन आले. “काजं-बटणं सोडून बाकी कधी होईल?” मालक कानापर्यंत लाल झाले आणि मग सगळ्यांत मोठ्यानं तेच हसले.

आता मी म्हातारा झालोय. उंदरांनी कापूस कुरतडल्यानं माझाही डावा खांदा उतरलाय. लेक भरायला निघाली तर मालक म्हणाले, “राहू दे. आत्ता कुठे माणसात आलाय.”

तेव्हा दुकानात आलात तर माझा खांदा सरळ करायला जाऊ नका. आणि मालक ‘परवा या’ म्हणाले, तर तुम्ही आपले तेरवा या.