लांबवलेला सूर मी कापतो

मी कानाचं मशीन. बोलणं हे काही माझं काम नव्हे, माझं काम ऐकवायचं. पण आता गप्प राहवत नाही, म्हणून बोलतोय.

शेंगदाण्याएवढा माझा जीव. कारखान्यात मला एकच गोष्ट शिकवली: माणसाचं बोलणं उचल, बाकीचा कलकलाट दाब. पंखा, भांडी, रहदारी, सगळं दाब. मी आज्ञाधारक निघालो. तेच नडलं.

मी ज्यांच्या उजव्या कानात राहतो त्या आजी टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होत्या. उभा जन्म लोकांचे फोन जोडून दिले. नुसत्या 'हॅलो'वरून पलीकडचा माणूस रागावलाय की रडून उठलाय, हे त्यांना कळायचं. निवृत्तीनंतर ऐकू येणं कमी झालं आणि मुलाने मला आणलं. "आई, तुला प्रत्येक गोष्ट ओरडून सांगावी लागते!" माझ्यामुळे त्यांना सगळं ऐकू यायला लागलं. गोळी घेतलीस का, गॅस बंद केलास का, दार नीट लाव. यापलीकडे त्यांच्याशी कोणी काही बोलतच नव्हतं.

मग त्यांचा गुडघा धरला. दवाखान्यात व्यायाम करून घेणाऱ्या मुलीच्या खोलीत कायम हळू आवाजात गाणी चालू असायची. एके दिवशी पाय उचलता उचलता आजी थबकल्या.

"ही कोण गं बोलतेय?"

"बोलत नाहीये आजी, गातेय. जॅझ म्हणतात त्याला."

"काहीतरीच! गाणाऱ्या बाईला एवढी सवड असते होय? ठेका पुढे निघून गेला, आणि ही आपली मागून सावकाश येतेय. भाषा मला कळत नाही, पण हिला कुणीतरी सोडून गेलंय, आणि हिला तो परत नकोय."

मुलगी हसली आणि तिने आजींच्या फोनवर ढीगभर गाणी भरून दिली.

आजींच्या दुपारी पालटल्या. एक बाई घोगऱ्या आवाजाची, कानाशी येऊन चहाडी सांगावी तशी गायची. एक बाप्या मध्येच हसायचा आणि त्या हसण्यातूनच पुढची ओळ उचलायचा. तेच गाणं तीच बाई दुसऱ्यांदा गायली, तर वळणं निराळी. आजी म्हणायच्या, "हिला आज काहीतरी झालंय." ही माणसं बोलल्यासारखी गातात, म्हणून तर ती माझ्या हाती लागली.

पण बाईने सूर लांबवला की माझी शिकवण आडवी यायची. लांब सूर म्हणजे शिट्टी, दाब! कोणी शब्द सोडून नुसतं डाबाडुबा गायला लागलं, की तो कलकलाट, दाब! नेमका जिथे जीव ओतलेला, तिथेच मी कात्री लावायचो. आजी मला टिचकी मारायच्या. "मेल्या, आत्ताच तुझा गळा बसायचा होता?"

अहो, मलाही ऐकायचा होता तो सूर!

शेवटी मुलगा आम्हाला दुकानात घेऊन गेला. दुकानदाराने विचारलं, "काय त्रास होतो, आजी?"

उत्तर मुलाने दिलं. "बोलणं नीट ऐकू येतं. गाणी तुटतात म्हणते."

"गाण्यांसाठी वेगळं सेटिंग टाकून देतो की. एक बटण दाबायचं."

"नको हो, गोंधळ होईल तिचा. मग हाक मारली तरी कळायची नाही."

"मला..." आजींनी सुरुवात केली.

"आई, तू थांब जरा."

सेटिंग टाकणं चुटकीसरशी होणारं काम होतं, ते राहिलंच. मला पुसलं, नवी बॅटरी घातली, परत कानात बसवलं. संपलं.

आता दुपारी आजी मला काढून डबीत ठेवतात. फोनचा आवाज असेल नसेल तेवढा वाढवतात, तो उशीवर ठेवतात आणि त्यावर कान दाबून पडून राहतात. माझ्याकडून तुटका ऐकण्यापेक्षा पुसट का होईना, सूर अख्खा मिळालेला त्यांना बरा वाटतो. मी डबीत चरफडत असतो. संध्याकाळी मुलगा येऊन ओरडतो, "आई, मशीन लावत का नाहीस? कशाला आणून दिलं मी?"

लेका, मला तिच्या कानातच राहायचंय. फक्त एकदा परत त्या दुकानात ने. आणि दुकानदाराने तुझ्या आईला काही विचारलं, तर उत्तर तिलाच देऊ दे.