उजवा इंडिकेटर

स्टेअरिंगचा नट पूर्ण काढायचा नसतो. शेवटच्या दोन आट्यांवर ठेवायचा, म्हणजे चाक एकदम सुटलं तरी तोंडावर येत नाही.

फ्रीजमध्ये हुग्गीचं पातेलं. खपली गव्हाची खीर, गूळ जरा जास्तच घातलेला. नऊ दिवस कुणी हात लावला नाही. दहाव्या दिवशी कामवालीने न विचारता ओतून टाकली.

सोयराबाई फोन उचलत नाहीत.

भाजीवाल्याने विचारलं, "एवढ्या वांग्यांचं काय करता अण्णा?" संग्राम म्हणाला, "अक्काला विचार. मी हमाल."

उजव्या हाताची दांडी. खाली ओढली की उजवा दिवा, वर ढकलली की डावा.

नऊ जून.

*

ऑगस्टातला रविवार होता. बंगळुरात, मल्लेश्वरमच्या गल्लीत, आपल्याच फाटकासमोर, परसू गाडीत बसला होता. दार उघडं, एक पाय बाहेर, सीटवर पाने आणि स्क्रूड्रायव्हर पसरलेले. वीस वर्षांची छोटी पांढरी गाडी. उजव्या दाराला पोचा, त्यात थोडा निळा रंग. बॅटरीची तार सोडवून झाली होती. हॉर्नचं झाकण निघालं होतं. चाकावर आणि शाफ्टवर त्याने खडूने खूण केली, नट सैल केला, चाक दोन्ही हातांनी हलवून हलवून मोकळं केलं, आणि मग ते मांडीवर घेऊन तो नुसताच बसून राहिला.

वरच्या मजल्यावरचे नागराज दुधाच्या पिशव्या घेऊन आले.

"काय परसू अण्णा, गाडी इथं आन् स्टेअरिंग मांडीवर! कुठं निघालात?"

"चंद्रावर."

"सरी, बरं. येताना स्वल्प कोथिंबीर आणा."

नागराज हसले, आणि मधेच त्यांना आठवलं की या घरात अजून कुणी हसत नाही. हसू गिळून, पिशव्या सावरत ते जिना चढून गेले.

*

दांडी मार्चपासून बिघडली होती. डावीकडे ठीक. उजवीकडे मात्र खाली ओढली की थांबायची नाही, आपली आपण वर यायची. बोटाने धरून ठेवावी लागे. परसू धरायचा. वळण संपेपर्यंत बोट दांडीवर, आणि मे उजाडेपर्यंत हाताला अशी सवय झाली की काही बिघडलंय हेही तो विसरला.

बायकोला, वीणाला, त्याने सांगितलं नव्हतं. ती गाडी चालवायचीच कितीशी! महिन्यातून दोनदा, बाजारापुरती.

नऊ जूनला ती बाजारात गेली. तिचा धाकटा भाऊ संग्राम स्कूटर घेऊन तिथेच आला. त्याने पिशव्या गाडीत ठेवल्या आणि जेवायला म्हणून तिच्या मागोमाग निघाला. हुग्गी त्याच्यासाठीच केली होती. आपल्या गल्लीशी वीणाने गाडी उजवीकडे वळवली. त्याच क्षणी संग्राम उजवीकडून पुढे निघत होता, नेहमीसारखा, तिला वाकुल्या दाखवत घरी आधी पोचायला. दाराला धक्का बसला तो फार मोठा नव्हता. त्याचं डोकं रस्त्यामधल्या कठड्यावर आपटलं. इस्पितळाच्या दारात डॉक्टरने घड्याळात पाहिलं.

नंतर गाडी तपासायला एक माणूस आला. ब्रेक दाबून पाहिले, टायर पाहिले. आत वाकून उजव्या इंडिकेटरची दांडी खाली ओढली आणि ओढूनच धरली, मान वळवून मागचा दिवा बघेपर्यंत. दिवा लागला. कागदावर त्याने सगळं ठीक असल्याचं लिहिलं. परसू दोन पावलांवर उभा होता. बोलायला तोंड उघडावं लागतं. त्याने उघडलं नाही.

इंडिकेटर चालू आहे हे वीणाला त्या कागदावरून कळलं, आणि तिचा निकाल लागला. बाराव्याला, पानं वाढून झाल्यावर, सगळ्या भावकीसमोर ती आईला म्हणाली, "अव्वा, मी इंडिकेटर दिला न्हाई. मला वाटतंय दिला, पण दिला नसणार." सोयराबाई पानावरून उठल्या. त्या दिवसापासून लेकीशी एक शब्द नाही. वीणा रोज सकाळी आठला फोन लावते, पूर्ण वाजू देते आणि ठेवते.

हे सगळं परसूच्या एका वाक्याने थांबलं असतं. ते वाक्य त्याने आंघोळ करताना म्हणून पाहिलं होतं, ऑफिसात जिन्यावर म्हणून पाहिलं होतं. "वीणा, तू दिला होतास. दांडी मोडकी होती, मला माहीत होतं." मोजून दहा शब्द. पण ते म्हटल्यावर पुढे जे घर उरेल त्यात आपण कुठल्या खोलीत बसायचं, हे काही त्याला सुचत नव्हतं.

म्हणून आज आधी स्विच बदलून टाकावा, मग बघू, असं त्याने ठरवलं.

*

तीन स्क्रू. दोन वायरींचे जोड. जुना स्विच दोन्ही दांड्यांसकट हातात आला, शिंगं असलेल्या किड्यासारखा. त्याने तो डाव्या सीटवर ठेवला.

"काय कराय लागलाय?"

वीणा. हातात कॉफीचा लोटा. जूननंतर ती गाडीच्या इतक्या जवळ पहिल्यांदाच आली होती.

"स्विच बदलतोय. जुना झालाय."

तिने लोटा टपावर ठेवला, पलीकडून दार उघडलं, स्विच उचलला आणि सीटवर बसली. दांडी वर ढकलली. थांबली. खाली ओढली. परत आली. पुन्हा खाली. पुन्हा परत. चार वेळा, पाच वेळा.

"हे थांबत न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई."

"उजवीकडचंच."

परसूच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. आता. आता म्हणायचं. त्याने ओठ ओले केले.

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. दोन महिन्यांत झोप न लागलेले डोळे. आणि तिनेच, बाईमाणूस दार उघडून पाहुण्याला वाट करून देते तसं, विचारलं, "धक्क्यानं मोडलं असंल, न्हाई?"

"होय," परसू म्हणाला. "धक्क्यानंच."

"मला वाटलंच." तिने स्विच अलगद खाली ठेवला. "एक घटकाभर मला वाटलं होतं..." नाक ओढलं. "कॉफी प्या. निवाय लागलीय."

*

नवा बसवायला वीस मिनिटं लागली. जोड दाबले, स्क्रू आवळले, खडूच्या खुणा जुळवून चाक बसवलं, नट घट्ट केला. बॅटरीची तार जोडली. किल्ली फिरवली.

"थांबा," वीणा म्हणाली. "मी मागनं बघते."

ती गाडीच्या मागे गेली. आधी अगदी जवळ उभी राहिली, मग दहा-बारा पावलं मागे सरकली, रस्त्याच्या उजव्या अंगाला, स्कूटरवरच्या माणसाला जिथून दिसेल तिथे. पदर खोचून तिथेच उभी राहिली.

"द्या आता."

त्याने दांडी खाली ओढली. बोट काढून घेतलं. दांडी जागच्या जागी राहिली. टक, टक, टक.

आरशात ती दिसत होती. उन्हामुळे कपाळावर हात आडवा धरलेला.

"दिसतोय का?" त्याने विचारलं.

"दिसतोय की." थोडं थांबून, "लांबनं पण दिसतोय. चांगला दिसतोय हो." आणि आवाज फुटला. "मी नुसता दिला असता तर त्याला दिसला असता."

परसूने इंडिकेटर बंद केला नाही. त्याच्याने बंद करवेना.

नवा स्विच त्याने शिवाजीनगरहून बारा एप्रिलला आणला होता.