शेवटचा रिकामा रकाना

मित्रांनो, मी एक जुनी नोंदवही आहे, जहाजावरची. स्वस्थ बसणे मला कधी जमलेच नाही. दर चार तासांनी कप्तान मला उघडायचा आणि वेळ, वारा, तळात साचलेले पाणी असे सगळे लिहायचा. पाणी मोजायला मिस्त्री तळात काठी सोडायचा आणि खालून ओरडायचा, "दोन बोटं!" मग शेवटच्या रकान्यात कप्तान लिहायचा, 'सर्व ठीक'. अकरा वर्षांत माझा एकही रकाना रिकामा राहिला नाही, याचा मला भारी तोरा होता.

पुढे युद्ध सुरू झाले. शत्रूला आत शिरता येऊ नये म्हणून आमचे जहाज बंदराच्या तोंडाशी बुडवायचा हुकूम आला. भरपाई मिळेल, असेही सांगितले गेले. जहाज कप्तानाच्याच मालकीचे होते, आणि बुडवायची वेळ आली तर तळाची झडप मालकाने स्वतः उघडायची, अशी दर्यावर्दी लोकांची रीत. कप्तानाने पाण्याची नोंद केली, तो खाली गेला आणि थोड्या वेळाने वर आला. माझ्यात त्याने घाईघाईने आणखी काही खरडले. शेवटचा रकाना तसाच सोडून त्याने मला सदऱ्याखाली दडवले आणि तो होडीत उतरला.

युद्ध संपले. भरपाईच्या अर्जात कप्तानाने लिहिले, 'नोंदवही जहाजाबरोबर बुडाली.' आणि मी तर त्याच्याच घरी, पेटीत, लोकरी कपड्यांखाली! कचेरीचे उत्तर आले, 'जहाज आधीपासून गळके होते, आज ना उद्या बुडालेच असते. तसे नसल्यास पुरावा आणावा.' पुरावा पेटीत तळमळत होता. मला पाय असते तर मी धावत सुटले असते. मिस्त्री दर आठवड्याला यायचा, "काही कळलं का?" एवढे विचारायचा आणि निघून जायचा. नवे जहाज आले तरच त्याला काम मिळणार होते.

एके दुपारी कप्तानाची बायको स्वेटर काढायला आली आणि मी तिच्या हाती लागले.

"अहो, ही तर बुडाली होती ना?"

कप्तानाने मान खाली घातली. "शेवटचं पान वाच."

तिने वाचले. "मग?"

"लोक हसतील मला."

"हसू देत. मिस्त्री दोन वर्षं घरी बसलाय. त्याला कुठे हसू येतंय?"

दुसऱ्या दिवशी कप्तान मला आणि मिस्त्रीला घेऊन कचेरीत गेला. खोटे लिहिल्याची त्याने कबुली दिली. कारकुनाने शेवटची नोंद मोठ्याने वाचली, 'तळात पाणी दोन बोटे. झडप उघडायला माझा हात धजेना. मिस्त्रीने उघडली.'

कोणी हसले नाही. मिस्त्री हळूच म्हणाला, "कप्तान, माझाही हात थरथरत होता. तेही लिहायचं होतं."

कारकून मागची पाने उलटत राहिला. "अकरा वर्षं दोनच बोटं. याला गळकं कसं म्हणायचं?"

भरपाई मंजूर झाली. निघताना कप्तानाने पेन उघडले आणि माझ्या शेवटच्या रकान्यावर टेकवले. कारकुनाने मला चटकन ओढून घेतले. "आता हा पुरावा आहे. यात एक अक्षरही लिहायचं नाही."

नवे जहाज आले, त्यावर नवी वही आली. मी कचेरीच्या कपाटात, फायलींच्या गठ्ठ्यात आहे. दर चार तासांनी अजून माझा जीव वरखाली होतो. मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. वाईट दिवसाचे पान लपवू नका, आणि ते अर्धवटही सोडू नका. त्या रकान्यात कप्तान काय लिहिणार होता, हे मला अजून कळलेले नाही.