एकाच कापडाचे दोन पांढरे

एकाच आठवड्यात, एकाच टेबलापाशी, एकाच नळीतल्या पांढऱ्या रंगाने काढलेल्या दोन तैलचित्रांपैकी एकातले टेबलावरचे कापड पांढरे राहिले. दुसऱ्यातले पाच वर्षांत चहात बुडवून काढल्यासारखे पिवळे झाले.

पांढऱ्या कापडापाशी चित्रकाराची वहिनी बसली होती. ते चित्र त्याच्या स्टुडिओत असे. पिवळ्यापाशी थोरला भाऊ; ते वहिनीच्या घरी असे. प्रदर्शनासाठी दोन्ही शेजारी लावली, तेव्हा फरक उघडा पडला. भाऊ जाऊन चार वर्षे झाली होती. चित्रकाराला एकच शंका छळत होती : भावाला रंगवताना आपल्यालाच पांढरे पिवळे दिसले असेल काय? तसे असेल, तर कुंचला खाली ठेवणे एवढेच प्रामाणिक होते.

"डॉक्टरांनी डोळे ठणठणीत आहेत म्हणून सांगितलं ना?" चित्रे पाहायला आलेली वहिनी म्हणाली. "मग कशाला स्वतःचं डोकं खाताय, भावोजी?"

"आजचे ठणठणीत आहेत, वहिनी. पाच वर्षांपूर्वीच्या डोळ्यांचं ते कसं सांगणार?"

त्याने भावाचे चित्र चौकटीतून सोडवले. चित्र उजेडात टांगलेले असेल, तर चौकटीखाली अंधारात झाकलेली कड उघड्या भागापेक्षा अधिक पिवळी असायला हवी. इथे कड आणि मध्य सारखेच पिवळे होते. मग त्याने चित्र उलटे केले. मागे चिकटवलेल्या चिठ्ठीवरची शाई उजेड लागून पार उडाली होती. वहिनीच्या चित्रामागची ठसठशीत होती.

"हे कुठं टांगलं होतं?"

"जेवणाच्या टेबलासमोर. खिळा तुम्हीच ठोकलात की, वाकडा."

"आणि तोंड कुणीकडं?"

वहिनीने चष्मा काढून पुसायला घेतला. "भिंतीकडं. ते गेल्यावर केलं. इतकं हुबेहूब कुणी काढतं का? समोर बसून नुसते बघायचे, बोलायचे काही नाहीत. घास उतरेना मला."

"मला कसं कधी दिसलं नाही?"

"तुम्ही यायच्या दिवशी सरळ करून ठेवायची. मन दुखावलं असतं तुमचं."

चित्रकाराने चित्र उचलून खिडकीत, उजेडाकडे तोंड करून ठेवले आणि प्रदर्शनाच्या यादीत त्याचे नाव कायम केले. जवसाच्या तेलात घोटलेला पांढरा रंग अंधारात पिवळा पडतो आणि उजेडात बराचसा निवळतो. नजर चुकलेली नव्हती. चित्र चार वर्षे भिंतीकडे तोंड करून टांगलेले होते.