घड्याळकाकांच्या कानांवर

मित्रांनो, गाद्यांची सालपटे निघालेला आणि वायरीला मध्येच चिकटपट्टी गुंडाळलेला असा मी एक जुना हेडफोन आहे. जुनेपणाचे मला वाईट वाटत नाही. वापरात असलेली वस्तू जुनी व्हायचीच. मला बोलण्यासाठी एक बारीकशी दांडी आहे, पण तिच्यातून नेहमी दुसरेच बोलतात. आज पहिल्यांदाच मी माझे काही सांगतो आहे, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे एकीने माझ्या गाद्या चिकटवल्या, दुसऱ्याने वायर जोडली. शेवटी एका कंटाळलेल्या माणसाने मला कानाला लावून पाहिले आणि अंगठा वर केला. ती माझी पहिली शाबासकी. मग खोक्यात बसून, अंधारात हिंदकळत, मी एका कार्यालयात पोचलो आणि घड्याळकाकांच्या टेबलावर खोक्यातून बाहेर आलो.

घड्याळकाका हे त्यांचे खरे नाव नव्हे. ते होते प्रोजेक्ट मॅनेजर. त्यांची कंपनी मोठमोठी शीतगृहे बांधून द्यायची. भाज्या, फळे, औषधे महिनोन्महिने थंड ठेवणाऱ्या इमारती. पाया खणण्यापासून ते आतली यंत्रे थंडगार वारा सोडू लागेपर्यंत कुणी, काय, कधी करायचे हे सारे काकांनी ठरवायचे आणि करवून घ्यायचे. वेळेच्या बाबतीत ते इतके काटेकोर, की लग्नाला नवरा-नवरीच्या आधी पोचायचे. त्यावरून कार्यालयात त्यांचे हे नाव पडले आणि त्यांनाही ते आवडायचे.

त्यांच्या खुर्चीमागे भिंतीवर एक प्रमाणपत्र होते. प्रकल्प चालवण्याची अवघड परीक्षा पास झाल्याचे. पण ते एकदा मिळाले की संपले असे नव्हते. दर तीन वर्षांनी ते नव्याने चालू करून घ्यावे लागे, आणि त्यासाठी व्याख्याने ऐकून, शिकून, शिकवून ठरावीक क्रेडिट म्हणजे गुण गोळा करावे लागत. "हे सर्टिफिकेट म्हणजे दूध आहे बरं का," काका नव्या लोकांना सांगत, "तारीख उलटली की नासलं!" आणि स्वतःच हसत.

ते दिवस माझे सुखाचे होते. काकांच्या कानांवर बसून मी गवंड्यांपासून संचालकांपर्यंत सगळ्यांचे आवाज ऐकले. क्रेडिटची तर कधी चिंताच नव्हती. काका स्वतः नव्या लोकांचे वर्ग घेत, त्याचेही क्रेडिट मिळायचे. त्या वर्गातच त्यांना एक हुशार इंजिनियर मुलगी भेटली. फटाफट प्रश्न विचारायची, उत्तर पटले नाही तर वाद घालायची. काकांनी तिला आपल्या हाताखाली घेतले. "ही एक दिवस माझ्या खुर्चीत बसेल," ते म्हणत. ती म्हणे, "सर, तुमची खुर्ची कुरकुरते. मी नवी घेईन."

एक दिवस मात्र मी कधीच विसरणार नाही. शीतगृहाचे काम शेवटाला आले होते. गारव्यासाठी नळांतून अमोनिया वायू सोडून चाचणी चालली होती. नळ जोडणाऱ्या फिटरचा फोन आला. त्याचा आवाज कापत होता.

"साहेब, वास येतोय. डोळे चुरचुरतायत."

"सगळ्यांना बाहेर काढ. आत्ता."

"पण साहेब, उद्या ताबा द्यायचाय. वरच्यांना विचारू का?"

"विचारायचं मी बघतो. तू आधी माणसं बाहेर काढ!"

त्या क्षणी काकांच्या कानामागची शीर कशी उडत होती, ते मला माझ्या गादीतून जाणवत होते. माणसे बाहेर आली. नळाचा एक सांधा खरोखरच गळत होता. तो दुरुस्त करायला बरेच दिवस लागले, ताबा लांबला, गिऱ्हाईक भडकले. काकांच्या आयुष्यात उशिरा झालेले ते एकच काम. पण फिटर आपल्या बायकोमुलांना घेऊन कार्यालयात आला आणि काकांचा हात धरून उभा राहिला. ती इंजिनियर मुलगी तेव्हा तिथेच होती. तिचेही डोळे भरून आले होते.

पुढे कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीने विकत घेतली. एका कामाला दोन-दोन माणसे झाली. एका दुपारी माझ्यातून एक मऊ आवाज काकांशी बोलला. "तुमच्याबद्दल आम्हाला नितांत आदर आहे," असे म्हणत त्याने त्यांना कामावरून काढले.

काका म्हणाले, "हो. समजलं." मग त्यांनी विचारले, "पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक कुणाकडे देऊ?"

कानाला लावलेली वस्तू दुसऱ्याला देत नाहीत, म्हणून मीही त्यांच्याबरोबर घरी आलो.

घर लहान होते. काकू रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होत्या, दिवसभर उभ्याने काम. लेक कॉलेजात होती आणि तिला शीळ घालायची सवय होती. जिना चढताना, केस विंचरताना, चहा गाळताना तिची शीळ चालू. खिडकीजवळ काकांचे टेबल लागले, प्रमाणपत्रासाठी भिंतीला खिळा ठोकला गेला. काका सकाळी नऊला इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसू लागले.

नोकरीच्या प्रत्येक जाहिरातीत एक ओळ असायचीच, 'प्रमाणपत्र चालू स्थितीत असणे आवश्यक.' आणि काकांच्या प्रमाणपत्राची तारीख वर्षभरावर आली होती. आता वर्ग घ्यायला नवे लोक नव्हते, कंपनीची व्याख्याने नव्हती. जे काय जमवायचे ते घरी बसून, माझ्यातून ऐकून.

"वर्ष म्हणजे खूप झालं," काका म्हणाले. "मी तर आधीच पूर्ण करीन."

घराने त्यांच्यासाठी जे केले ते पाहून माझा ऊर भरून यायचा. काकू मिक्सर लावायच्या तो काका आंघोळीला गेल्यावर. फोन आला की जिन्यात जाऊन बोलायच्या. लेकीची शीळ तर बंदच झाली. "बाबा ऐकतायत," एवढे म्हटले की घर चिडीचूप.

काका मनापासून ऐकत. 'बदलाचे स्वागत कसे करावे', 'तणावातही हसतमुख', 'तुमच्यातला नेता ओळखा'. एक व्याख्यान संपले की प्रश्न येत, उत्तरे बरोबर आली की क्रेडिट जमा होई. मध्येमध्ये मुलाखती होत, त्याही माझ्यातूनच. एकदा एक कोवळ्या आवाजाचा साहेब म्हणाला, "तुमचा अनुभव आमच्यासाठी थोडा जास्तच होतोय."

रात्री जेवताना काकूंना हे कळले तेव्हा त्यांचा घास हातातच राहिला. "जास्त होतोय म्हणजे? मीठ आहे का ते?"

लेक खो खो हसली. काकाही हसले. त्या घरात तिघांना एकदम हसताना मी ऐकले ते तेव्हाच, शेवटचे.

मग ते व्याख्यान आले. विषय होता, 'उशीर झालेल्या प्रकल्पांपासून काय शिकावे'. आवाज सुरू झाला आणि काका खुर्चीत सरळ झाले. ती त्यांचीच इंजिनियर मुलगी होती! ती केव्हाच दुसऱ्या कंपनीत गेली होती; आता ती तिथे मोठ्या पदावर होती आणि असे धडे तयार करून द्यायची.

"अगं, ही बघ कोण बोलतेय!" त्यांनी काकूंना हाक मारली. पण काकू कामावर गेल्या होत्या. काका एकटेच कौतुकाने ऐकू लागले.

ती म्हणाली, "मी एका शीतगृहाचं उदाहरण देते. आमचे तेव्हाचे प्रमुख माणूस म्हणून फार चांगले होते. पण जुन्या पद्धतीचे. चाचणीच्या वेळी एक अडचण आली आणि त्यांनी कुणालाही न विचारता काम थांबवलं. ताबा लांबला. नुकसान झालं. कुणालाही न विचारता, हे लक्षात ठेवा."

वायूचा उल्लेख एकदाच आला. फिटरचा आलाच नाही.

मित्रांनो, मी काकांच्या कानांवर होतो. ती शीर पुन्हा उडू लागली होती. पण यावेळी कुणालाही बाहेर काढायचे नव्हते.

व्याख्यान संपले आणि पडद्यावर प्रश्न आला. 'या प्रकल्पाला उशीर का झाला?' खाली तीन उत्तरे होती. नळाचा सांधा गळत होता. माल वेळेवर आला नाही. प्रमुखाने एकट्याने निर्णय घेतला.

काकांनी पहिले उत्तर निवडले.

'उत्तर चुकले. पुन्हा प्रयत्न करा.'

"अगं, गळत होता ना सांधा!" काका पडद्यालाच म्हणाले. "तू होतीस की तेव्हा!"

पडदा काय बोलणार? काकांनी पुन्हा पहिलेच उत्तर निवडले. पुन्हा तेच. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होते, तिचा पीं-पीं आवाज मला माझ्या गादीआडूनही ऐकू येत होता. शेवटी त्यांचा हात हलला. त्यांनी तिसरे उत्तर निवडले.

'अभिनंदन! तुमचे क्रेडिट जमा झाले आहे.'

दोन दिवसांनी त्यांनी तिला फोन लावला.

"सर! अय्या, किती वर्षांनी! कसे आहात?"

"मजेत. तुझं लेक्चर ऐकलं. छान बोलतेस गं तू."

मग ती हळू आवाजात म्हणाली, "सर, ते उदाहरण... मला वेगळं सांगायचं होतं. पण त्यांना सोपं हवं होतं. एक चूक, एक धडा. तुम्ही ऐकाल असं मला..."

"अगं, त्यात काय! मी आपलं क्रेडिटसाठी ऐकलं."

"मिळालं ना?"

"मिळालं. जरा उशीर झाला."

ती हसली नाही. काकांनी घसा साफ केला. "तुमच्याकडे कुठे काही असेल तर... म्हणजे लहानसहान असलं तरी..."

"बघते सर. नक्की बघते."

तिने बघितले असेलही. फोन मात्र आला नाही.

त्यानंतर काकांनी एकही व्याख्यान लावले नाही. पण सकाळी नऊला इस्त्रीचा शर्ट घालून बसणे सुटले नाही. ते मला कानांवर चढवत, खिडकीबाहेर पाहत, आणि माझ्यातून काहीच वाजत नसे. माझी वायर लॅपटॉपमधून निसटून टेबलामागे पडली होती. ती त्यांनी उचलली नाही.

लेक विचारायची, "बाबा, किती क्रेडिट राहिली?"

"होतायत, होतायत."

ती चवड्यांवर चालत निघून जायची. मिक्सर अजूनही आंघोळीच्या वेळेलाच लागायचा. एवढी सगळी शांतता ते घर कशासाठी जपत होते, ते फक्त मला माहीत होते. आणि मला ते कुणाला सांगता येत नव्हते.

प्रमाणपत्राची तारीख आली आणि गेली. त्या दिवशी घरात काहीही झाले नाही.

मग एका दुपारी काकूंना बरे वाटेना म्हणून त्या लवकर घरी आल्या. काका खुर्चीत डोळे मिटून बसले होते, मान एका बाजूला कललेली. ऐकता ऐकता झोप लागली असेल असे वाटून काकूंनी मला अलगद त्यांच्या कानांवरून काढले. खाली ठेवता ठेवता त्यांनी मला सहज स्वतःच्या कानाला लावले. आपला नवरा दिवसभर काय ऐकतो याचे त्यांना कुतूहल असणारच.

काहीच नव्हते. त्यांनी दुसरी बाजू लावून पाहिली. मग वायर हातात धरून तिच्या टोकापर्यंत गेल्या. टेबलामागून ते टोक वर आले, कशालाही न जोडलेले.

काकू ते हातात घेऊन उभ्या राहिल्या. तेवढ्यात त्यांचा फोन थरथरला. काकांचा मोठा भाऊ बोलत होता.

"नाही हो भाऊजी," काकू अगदी हळू म्हणाल्या, "ते अभ्यासाला बसलेत. नंतर बोलतील हं."

मग त्यांनी वायर होती तशी टेबलामागे सोडली आणि मला दोन्ही हातांनी काकांच्या कानांवर पुन्हा बसवले. केसांची एक बट गादीखाली अडकली होती, ती सोडवली. स्वयंपाकघरात जाताना त्यांनी दार ओढून घेतले, नळाचा आवाज येऊ नये म्हणून.

काकांचे डोळे मिटलेलेच होते. पण मी त्यांच्या कानाशी होतो, मित्रांनो. त्यांनी श्वास रोखून धरला होता. ते जागे होते.

संध्याकाळी काकूंनी विचारले, "झाला का आजचा अभ्यास?"

"झाला," काका म्हणाले.

तेव्हापासून असेच चालले आहे. दोघांना ठाऊक आहे, आणि दोघे एकमेकांना सांभाळत आहेत. मध्यंतरी माझी डावी बाजू बंद पडली. ती दुरुस्त करून घ्या असे कुणी म्हणणार नाही, कारण ती बंद आहे हे कळायला काही वाजवून तर पाहिले पाहिजे!

तुम्ही म्हणाल, हेडफोन आता 'माझी काळजी घ्या' म्हणून विनवील. वायर ओढू नका, गाद्या पुसत जा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. माझी विनवणी दुसरी आहे. तुमच्या घरात कुणी कान झाकून बसलेले असेल, तर त्याच्यासाठी नुसते गप्प राहू नका. एखाद्या दिवशी मिक्सर लावा. शीळ घाला. जवळ जाऊन विचारा, काय ऐकताय? ते खोटे सांगतील, तरी उठू नका.

आमच्याकडे हे विचारण्याची वेळ बहुधा निघून गेली आहे. उद्या सकाळी नऊ वाजता काका मला पुन्हा कानांवर चढवतील, आणि काकू कामावर जाताना चपला हातात घेऊन, आवाज न करता, दाराबाहेर पडतील.